विहीर पाहून पंप

मारुती जिप्सीच्या तेराशे सीसी इंजिनाची ताकद कागदावर ८० हॉर्सपॉवर. ताडोबाच्या सफारीला गेलेल्या कुणालाही तिचा आवाज ओळखता येईल. याच सुझुकी घराण्यातली इंजिने अमेरिकेत हौशी लोकांनी घरी बांधलेल्या छोट्या विमानांवर बसवली आहेत. समजा, आपणही तसे एक इंजिन जुन्या गाडीतून काढले, धुऊनपुसून विमानाच्या नाकात बसवले आणि क्रँकशाफ्टच्या टोकाला थेट एक लाकडी प्रोपेलर आवळला. पंखा चांगला पुरुषभर लांब आहे, म्हणून तो मिनिटाला २७०० फेऱ्यांच्या वर न्यायचा नाही असे ठरवले. आता त्या ८० पैकी पंख्यापर्यंत किती पोचतात? फार तर ३९. इंजिन ठणठणीत आहे, कारखान्याने फसवलेलेही नाही. चाळीस घोडे तबेल्यातच राहिले, एवढेच.

हॉर्सपॉवर ही टाकीतल्या पेट्रोलसारखी साठवून ठेवलेली चीज नव्हे. इंजिन शाफ्टला जो पीळ देते तो टॉर्क, आणि तो पीळ मिनिटाला किती वेळा दिला जातो ते फेरे. या दोहोंचा गुणाकार म्हणजे ताकद. जिप्सीचे इंजिन जास्तीत जास्त १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देते, तेही ४५०० फेऱ्यांना. हा आकडा २७०० फेऱ्यांनाही तेवढाच मिळतो असे उदारपणे धरू. १०३ गुणिले २७०० भागिले ७१२० केले की हॉर्सपॉवरमध्ये उत्तर येते ३९. पूर्ण ८० हवेत तर इंजिन ६००० फेऱ्यांपर्यंत किंचाळू द्यावे लागेल. मोटारीला याचे काही वाटत नाही, कारण तिच्या इंजिनात आणि चाकात गिअरबॉक्स असतो. विमानाच्या पंख्याला मात्र ६००० फेरे मुळीच सोसत नाहीत.

का सोसत नाहीत, हे एका ओळीच्या हिशेबात कळते. ७२ इंची, म्हणजे १.८३ मीटर व्यासाच्या पंख्याचे टोक एका फेऱ्यात पावणेसहा मीटर अंतर कापते. मिनिटाला २७०० फेरे म्हणजे सेकंदाला ४५, म्हणून टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २५८ मीटर. ध्वनीचा वेग समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, सेकंदाला ३४० मीटर. इथपर्यंत ठीक आहे. तोच पंखा ५००० फेऱ्यांनी फिरवला तर टोक पळेल ४७९ मीटरने, ध्वनीच्या जवळजवळ दीडपट. त्याच्या बऱ्याच आधीपासून पात्याच्या टोकाशी हवेत धक्कालहरी उठू लागतात, इंजिनाची ताकद विमान ओढण्याऐवजी कर्कश आवाज काढण्यात जाते आणि लाकूड थरथरायला लागते. म्हणून जाणते लोक टोकाचा वेग ध्वनीच्या तीनचतुर्थांशाच्या आसपास ठेवतात आणि लाकडी पंख्याच्या जाड टोकाला तर त्याहून थोडा कमीच देतात.

मोटारीच्या इंजिनाची भूक फेऱ्यांची आहे आणि पंख्याला फेऱ्यांचेच वावडे आहे. या दोघांचा संसार लावून देणे हे प्रोपेलर निवडण्याचे खरे काम. हौशी विमान बांधणारा माणूस बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी इंजिन मिळते, कारण ते स्वस्तात मिळालेले असते, आणि मग तो विचारत सुटतो, 'या इंजिनाला कोणता पंखा लागेल?' आपल्याकडे शेतकरी पाण्याची मोटार घ्यायला दुकानात गेला तर चांगला दुकानदार हॉर्सपॉवरबद्दल नंतर बोलतो. आधी विचारतो, 'विहीर किती खोल आहे? पाणी किती लांब न्यायचंय?' विमानाची विहीर म्हणजे त्याचा वेग. हे विमान खरोखर कोणत्या वेगाने उडणार आहे, धावपट्टी किती लांब आहे आणि नाकाखाली जमिनीपर्यंत जागा किती आहे, हे तीन प्रश्न सुटले की इंजिनाच्या माहितीपत्रकाला हात लावावा.

इतिहासात या जोडप्याचा संसार निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या तऱ्हेने लावला. त्यातला मला सर्वांत आवडतो तो बर्नार्ड पीटेनपॉल यांचा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचे चिमुकले खेडे आहे. तिथले हे मेकॅनिक, स्वतःच शिकलेले. त्यांनी १९२९ च्या सुमारास फोर्डच्या मॉडेल-ए मोटारीचे इंजिन लाकडी सांगाड्याच्या, कापडाने मढवलेल्या दोन आसनी विमानावर चढवले. विमानाचे नाव एअर कँपर. मोटारीचे इंजिन विमानात चालायचे नाही असे तेव्हा शहाण्या लोकांचे मत होते आणि विमानांच्या नकाशांचे अंक काढणारे संपादक वेस्टन फार्मर त्यांपैकीच एक. १९३० मध्ये पीटेनपॉल यांनी आपली विमाने उडवत मिनियापोलिसजवळ नेऊन दाखवली. वादच मिटला. पुढे फार्मर यांच्याच मासिकाच्या १९३२ च्या हवाई अंकात एअर कँपरचे नकाशे छापून आले. त्या नकाशांवरून आजही लोक विमाने बांधतात.

मॉडेल-ए इंजिनाचे आकडे आजच्या वाचकाला केविलवाणे वाटतील. ३.३ लिटरचे लोखंडी धूड आणि ताकद २२०० फेऱ्यांना अवघी ४० हॉर्सपॉवर. पण त्याचा टॉर्क पाहा: हजार फेऱ्यांना १७४ न्यूटन-मीटर. अर्ध्या ताकदीच्या या म्हाताऱ्याचा पीळ आपल्या जिप्सीच्या पावणेदोनपट आहे. तो पंख्याला सोसेल अशाच चालीने चालतो, म्हणून गिअर नको, पट्टा नको, काही नको. ७६ इंच, म्हणजे १.९३ मीटर व्यासाचा लाकडी पंखा थेट शाफ्टवर बसवला आणि १९०० फेऱ्यांनी फिरवला तरी टोकाचा वेग सेकंदाला १९२ मीटरच्या पुढे जात नाही. बैल हळू चालतो, पण नांगर मोठा ओढतो.

मोठ्या व्यासाचे महत्त्व इथे आकड्यांत मांडतो, कारण नुसते सांगून ते पटत नाही. पंखा हवा मागे ढकलतो म्हणून विमान पुढे जाते. थोडी हवा जोरात ढकलली किंवा भरपूर हवा हलकेच ढकलली तरी ओढ तेवढीच मिळू शकते, पण दुसऱ्या रीतीत ताकद बरीच कमी खर्च होते. कारण ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते आणि खर्च वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. विमान जागेवर उभे आहे, पंखा निर्दोष आहे असे धरून आदर्श ओढ काढता येते. ६० हॉर्सपॉवर आणि ५४ इंची पंखा: १९७ किलो. त्याच ६० हॉर्सपॉवरला ७२ इंची पंखा: २३९ किलो. आणि पीटेनपॉल यांच्या म्हाताऱ्याची ३८ हॉर्सपॉवर ७६ इंची पंख्यावर: १८३ किलो. २२ घोड्यांचा फरक असून उभ्या उभ्या ओढीत फरक उरला चौदा किलोंचा! प्रत्यक्षात प्रत्येक आकडा यापेक्षा कमी भरतो, पण त्यांचे आपसांतले नाते हेच राहते.

मग साठ हॉर्सपॉवरला ५४ इंची पंखा लावायचा करंटेपणा कोण करतो? हजारो लोक करतात आणि त्यांचे काही चुकत नाही. हा फोक्सवॅगन बीटलचा रस्ता. बीटलचे इंजिन हवेने थंड होते, म्हणजे रेडिएटरचे ओझे नाही. त्याचा खालचा खोका हलक्या मिश्रधातूचा, चारही सिलिंडर आडवे, त्यामुळे ते विमानाच्या नाकात बसते. युरोपात १९५० च्या दशकात फ्रान्सच्या रॉजर द्रुईन यांनी त्यासाठी टर्ब्युलंट हे एक आसनी विमान आखले. इंग्लंडमध्ये ते इतके प्रतिष्ठित झाले की १९५९ मध्ये राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनीही त्यातून एक फेरफटका मारला. बीटलच्या इंजिनात चूक एकच. ते फोर्डसारखे रांगडे नाही, त्याला ताकद काढायला ३४०० च्या आसपास फेरे लागतात. म्हणून पंखा लहान. ५४ इंची पंखा ३४०० फेऱ्यांना टोकाशी सेकंदाला २४४ मीटर धावतो, म्हणजे मर्यादेत राहतो.

किंमत मोजावी लागते ती उड्डाणाच्या वेळी. लहान पंखा धावपट्टीवर रडतो. पण एकदा वेग आला की चित्र पालटते. विमान स्वतःच ताशी दोनशे किलोमीटरने धावत असेल तर पंख्याच्या वर्तुळातून दर सेकंदाला आपोआप इतकी हवा जाते की व्यासाची कमतरता फारशी जाणवत नाही. म्हणून बीटलचे इंजिन आणि आखूड पंखा ही जोडी आखूड पंखांच्या, गुळगुळीत अंगाच्या, वेगवान विमानांना शोभते. तीच जोडी पीटेनपॉलच्या तारांच्या ताणांनी भरलेल्या, उघड्या कॉकपिटच्या, ताशी सव्वाशेच्या आसपास रेंगाळणाऱ्या विमानाला लावली तर ते कुरणाच्या टोकावरच्या झाडांकडे काळजीने बघत राहील. एक बारीक गोष्ट आणखी. पंखा लहान आणि नाकाचे झाकण रुंद असेल तर पात्यांचा आतला निम्मा भाग त्या झाकणावरच हवा मारतो. झाकण जरा निमुळते केले आणि पंखा काही इंच पुढे नेला की तीच ताकद बरीच कामी येते. नवा पंखा विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते, पण पत्र्याचे काम कंटाळवाणे असल्याने लोक पंखाच बदलतात.

तिसरा रस्ता म्हणजे मध्ये गिअर घालणे. हा सर्वांत जुना आहे. १९०३ मध्ये राइट बंधूंच्या विमानाला त्यांच्या सायकल दुकानातल्या चार्ली टेलर यांनी बनवलेले, मोटारीच्या धाटणीचे चार सिलिंडरचे इंजिन होते आणि त्याची ताकद जेमतेम १२ हॉर्सपॉवर. त्या बंधूंनी ती साडेआठ फूट व्यासाच्या दोन पंख्यांवर वाटली आणि मध्ये सायकलसारख्या साखळ्या घातल्या. लहान चक्राला ८ दाते, मोठ्याला २३. इंजिनाच्या हजारावर फेऱ्यांचे पंख्याला साडेतीनशे मिळत. त्यांचे पंखे आधुनिक वाऱ्याच्या बोगद्यात तपासले तेव्हा दिलेल्या ताकदीपैकी जवळजवळ तीनचतुर्थांश ताकद ते ओढीत बदलतात असे दिसले. बारा घोड्यांवर माणूस उडाला त्याचे बरेचसे श्रेय त्या संथ, भल्यामोठ्या पंख्यांना जाते. त्यांच्याआधी लोक पंख्याकडे बोटीच्या पंख्याचा भाऊ म्हणून बघत. या दोघांनी प्रथम ओळखले की पाते म्हणजे गोल गोल फिरणारा विमानाचा पंखच.

आपल्या जिप्सीलाही गिअरच तारतो. ५५०० फेऱ्यांना तिचे इंजिन सुमारे ७५ हॉर्सपॉवर देते. मध्ये २.२ पटीची घट ठेवली तर पंखा २५०० फेऱ्यांनी फिरेल, म्हणजे १.८ मीटरचा पंखा टोकाशी सेकंदाला २३६ मीटर. सगळे मर्यादेत, आणि तबेल्यात अडकलेले बहुतेक घोडे बाहेर. विमानासाठीच बनवलेले रोटॅक्सचे १०० हॉर्सपॉवरचे इंजिनही हेच करते: स्वतः ५८०० फेरे घेते आणि २.४३ पटीच्या गिअरमधून पंख्याला २३८७ देते. मग सगळेच लोक गिअर का लावत नाहीत? वजन वाढते हे एक कारण, पण ते किरकोळ आहे. खरे कारण थरथर.

चार सिलिंडरचे इंजिन शाफ्टला सलग पीळ देत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोन ठोसे मारते. मोटारीत हे ठोसे क्लचच्या स्प्रिंगांत, लांब शाफ्टमध्ये आणि शेवटी रबरी टायरमध्ये जिरतात. विमानात दुसऱ्या टोकाला असतो पंखा, म्हणजे एक जडशीळ चाक, आणि मध्ये लवचीक असे फारसे काही नसते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिले तर तो पार तुळईला लागतो. तसेच एखाद्या विशिष्ट फेऱ्यांना इंजिनाचे ठोसे आणि शाफ्टची स्वतःची लचक यांची वेळ जुळते आणि दाते खडखडू लागतात. हे बहुधा मंद चालीवर, इंजिन नुसते गुरगुरत असताना घडते आणि बाहेरून फक्त डबा वाजल्यासारखा आवाज येतो. कुणी रबराची जोडणी घालतो, कुणी दातेरी पट्टा, कुणी मंद चाल जरा चढी ठेवून तो टापू टाळतो. गिअरचे गुणोत्तर पूर्ण संख्येत न ठेवण्याचीही रीत आहे, म्हणजे इंजिनाचा तोच ठोसा पुन्हा पुन्हा त्याच दात्यावर आणि त्याच पात्यावर पडत नाही. या थरथरीमुळेच गिअर बनवणारे पंख्याच्या जडत्वावर मर्यादा घालून देतात. त्याहून जड पंखा लावला तर गिअर लवकर झिजतो. पंखा निवडताना व्यास आणि पिच विचारणारे शंभर भेटतात, जडत्व विचारणारा एखादाच.

आता पिच. प्रोपेलरवर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ५४ बाय ४४. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. मेट्रिकवाल्या देशांतही अनेकदा इंचच चालतात. पिचची कल्पना मळसूत्रावरून आली. हवा लाकडासारखी घट्ट असती तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकला असता, तेवढा पिच. हवा घट्ट नाही, म्हणून पंखा थोडा घसरतो. हिशेब मागून पुढे करायचा. विमान ताशी २०० किलोमीटरने न्यायचे आहे, म्हणजे सेकंदाला साडेपंचावन्न मीटर. इंजिन त्या वेळी ३३०० फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला ५५. मग दर फेऱ्याला पुढे जायचे आहे एक मीटरच्या किंचित वर, म्हणजे चाळीस इंच. घसरण दहा टक्के धरली की पिच आला ४४.

हे गणित इतके सोपे आहे की त्यावर विश्वास बसतो आणि तिथेच घात होतो. पहिली गोम अशी की पिच मोजतात पात्याच्या सपाट पाठीवरून, तर ओढ ठरते पात्याच्या पूर्ण आकारावरून. त्यामुळे दोन कारागिरांचे '४४' सारखे वागत नाहीत. कधी कधी तर विमान हिशेबापेक्षा जास्त वेगाने जाते आणि मालक घसरण उणे आल्याचे बघून डोके खाजवतो. दुसरी गोम आकड्यात नसून माणसात आहे. नकाशे विकणारा सांगतो ताशी २४०, बांधणारा मनात धरतो २५०, आणि पंखा त्याच हिशेबाने मागवतो. विमान प्रत्यक्षात जाते १९०. मग इंजिन बिचारे त्या ताठ पात्यांना फिरवताना धापा टाकते, ३४०० च्या जागी २७०० फेऱ्यांवर अडकते, आणि जिप्सीची गोष्ट पुन्हा घडते. घोडे आहेत, पण तबेल्यात. स्वप्नातल्या वेगाचा पंखा विमानाचा खरा वेगही कमी करतो.

ठरावीक पिचचा पंखा म्हणजे एकाच गिअरची गाडी. कसाऱ्याचा घाट चढायला दुसरा गिअर लागतो आणि नाशिकच्या सपाट रस्त्यावर पाचवा. इथे एकदाच निवड करून ती लाकडात कोरून टाकायची असते. कमी पिच म्हणजे चढाईचा पंखा: धावपट्टी झटकन सोडतो, पण वर गेल्यावर इंजिन फेऱ्यांच्या मर्यादेला भिडते आणि थ्रॉटल मागे ओढावा लागतो. जास्त पिच म्हणजे प्रवासाचा पंखा. पहिल्या पंख्यासाठी माझा कौल नेहमी चढाईकडे. ताशी दहा किलोमीटर कमी मिळाल्याने कोणी दगावत नाही, धावपट्टी शंभर मीटर कमी पडली तर दगावते. जमिनीवर पात्यांचा कोन बदलता येईल असे पंखे मिळतात आणि मोटारीच्या इंजिनाला ते विशेष उपयोगी, कारण त्या इंजिनाची खरी ताकद मालकालाही नीट ठाऊक नसते. तीन-चार उड्डाणांत बरोबर कोन सापडतो. उडता उडता कोन बदलणारे पंखेही आहेत, पण त्यांची किंमत ऐकली की इंजिन स्वस्तात मिळाल्याचा आनंद ओसरतो.

व्यासाच्या बाबतीत एक सावधगिरी. आकार आणि फेरे तेच ठेवले तर पंख्याला लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ५४ चे ५६ इंच केले की २० टक्के जास्त ताकद लागते. दोन इंच म्हणजे किती, बोटाची दोन पेरे! म्हणून 'जरा मोठा मिळाला, बसवून टाकू' हे इथे चालत नाही. आणि 'मोठा आहे, कापून घेऊ' हे तर त्याहून वाईट. कारखान्यातल्या धातूच्या पंख्याची थरथर एका ठरावीक इंजिनाबरोबर तपासलेली असते. तो कापला, दुसऱ्या इंजिनावर बसवला की ती सगळी तपासणी फुकट. धातू वाकतो, सोसतो आणि मग एखाद्या खड्याने पडलेल्या बारीकशा टवक्यापासून तडा जातो. लाकडाला ही थकावट फार कमी येते आणि ते इंजिनाचे ठोसे स्वतःत जिरवते. ते हलकेही असते, त्यामुळे वळणावर क्रँकशाफ्टच्या नाकावर येणारा ताण कमी. बीटलसारख्या इंजिनांवर शहाणे लोक लाकूडच वापरतात ते जुन्या काळाच्या प्रेमाने नव्हे.

जुना पंखा स्वस्तात मिळाला म्हणून घेणाऱ्यांसाठी बीटलच्या पोटात आणखी एक खोडी आहे. त्याच्या पट्ट्याच्या बाजूला पंखा लावला तर तो वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. सेसनासारख्या विमानांचे पंखे काट्यांच्या दिशेने फिरतात. म्हणजे सेसनाचा पंखा इथे निरुपयोगी. 'उलटा करून लावू' म्हणणारा माणूस प्रत्येक कार्यशाळेत एक तरी असतो. त्याच्या हातात एक स्क्रू द्यावा आणि तो उलटसुलट फिरवून बघायला सांगावे. डोके खाली केले तरी आटे त्याच दिशेचे राहतात.

लाकडी पंख्याची निगा हा वेगळाच संसार. मेपल किंवा बर्चच्या पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून ठोकळा करतात आणि त्यातून पाते कोरतात. टोकाशी काय ओढ असते याची कल्पना यावी म्हणून: ५४ इंची पंखा ३४०० फेऱ्यांना फिरत असेल तर टोकाजवळच्या एक ग्रॅम वजनाला जवळजवळ नऊ किलोंची ओढ बसते. टोकावर ठोकलेली पितळी पट्टी सैल झाली तर तिचे काय होईल याचा अंदाज करा. एका पात्याला रंगाचा हात जरा जास्त बसला तरी सांगाडा थरथरतो. दोन्ही टोके एकाच चाकोरीतून जातात की नाही हेही पंखा हाताने फिरवून बघतात. विमानाला टेकवलेल्या खुणेपासून फरक तीन मिलिमीटरच्या आत हवा.

पावसाळ्यात घराची दारे फुगतात आणि चैत्रात पुन्हा सैल होतात हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पंख्याचा मधला ठोकळाही तेच करतो. बोल्ट पंखा फिरवतात असे वाटते, पण खरे तर ते लाकडाला धातूच्या तबकडीवर दाबून धरतात आणि फिरवते ते दोघांमधले घर्षण. लाकूड सुकून कणभर आकसले, दाब उतरला, की ठोकळा तबकडीवर घासू लागतो, जळून काळा पडतो आणि मग सगळा भार बोल्टांवर येतो. म्हणून पहिल्या उड्डाणानंतर, मग काही तासांनी आणि पुढे ऋतू बदलला की बोल्ट ठरलेल्या जोराने पुन्हा आवळायचे. फार आवळले तर लाकूड चिरडते, म्हणून अंदाजाने नव्हे, टॉर्क पान्याने.

आणि मग दोराचा दिवस. विमानाची शेपटी झाडाला किंवा ट्रॅक्टरला बांधतात, चाकांपुढे ओंडके लावतात आणि पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणी उभे नाही ना हे दोनदा बघतात. इंजिन तापू देतात. मग थ्रॉटल पूर्ण उघडून फेरे किती भरतात ते मोजतात. ३४०० ची मर्यादा असलेल्या इंजिनाने जागेवर ३००० च्या आसपास दाखवले तर ठीक. उडताना पात्यांवरचा भार हलका होतो आणि काटा आणखी वर चढतो. २६०० वर थांबला तर पिच जास्त आहे. जागेवरच ३४०० ला टेकला तर कमी. अनुभवी लोक म्हणतात की पिच एक इंचाने बदलला की पन्नास ते शंभर फेऱ्यांचा फरक पडतो. त्यावरून पुढचा पंखा किती इंचांचा मागवायचा याचा अंदाज येतो.

या चाचणीत एक फसवणूक दडलेली आहे, आणि ती आपल्या दख्खनच्या पठारावर नीट दिसते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. एप्रिलच्या दुपारी ४० अंश तापमान असेल तर तिथली हवा प्रमाण हवेपेक्षा चौदा टक्के विरळ असते. इंजिनाला हवा कमी, म्हणून ताकद सुमारे तेवढ्याच टक्क्यांनी घटते. पण पात्यांनाही हवा कमीच कापायची असते, म्हणून त्यांचा भारही तेवढ्याच टक्क्यांनी हलका होतो. दोन्ही बाजू सारख्या उतरल्या की काटा जिथल्या तिथे! फेरे पाहून वैमानिक खूश, ओढ मात्र चौदा टक्क्यांनी गेलेली. ओढ मोजायची तर दोरात वजनकाटा अडकवावा. मासळी बाजारातला स्प्रिंगचा काटा एवढ्याला पुरत नाही, ट्रक भरणाऱ्यांकडचा मोठा लागतो.

अमेरिकेच्या नियमात घरी बांधलेल्या विमानाला पहिले काही तास ठरलेल्या टापूतच, प्रवाशाशिवाय उडवावे लागते. इंजिन आणि पंखा यांची जोडी सरकारमान्य असेल तर हे तास २५. मोटारीचे इंजिन असेल तर ४०. ते जास्तीचे पंधरा तास कुणाला जाचक वाटतात. पण एवढ्यात दुसरा पंखा मागवला जातो, कधी तिसरा, वहीत पेन्सिलीने फेऱ्यांचे आकडे भरत जातात आणि पहिला पंखा कार्यशाळेच्या भिंतीवर, खुंटीला टांगला जातो. दिवस संपला की विमान ढकलत आत आणायचे, पंखा आडवा करून ठेवायचा. उभा ठेवला तर लाकडातली ओल रातोरात खालच्या पात्यात उतरते आणि सकाळी पंखा एका अंगाला जड झालेला असतो.